सासूबाईंचं कुंपणाबाहेरचं कलम

माझ्या सासूबाई झेफिरीन द्यूमे हट्टी होत्या, असं सेंत-झोए गावात आजही बोललं जातं. बोलणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यांच्यातल्या एकानंही पाच बाळंतपणं काढलेली नाहीत. म्हणे हट्टी! बाईनं उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मागितली, तीही मेल्यानंतरची, आणि ती देताना अख्ख्या गावाच्या पोटात दुखलं. मी त्यांची सून, अल्विना. त्यांच्याशी माझ्याइतकं कुणी भांडलं नसेल, म्हणून त्यांच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सासऱ्यांनी, ओनेझिम द्यूमेंनी, शेत मुलाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, विलब्रॉदच्या नावावर करायचं ठरवलं. आमच्या नदीकाठी शेतं अशीच हात बदलतात. आईबाप जमीन, गोठा, घर सगळं एका मुलाला देऊन टाकतात, आणि त्या मुलानं त्यांना मरेपर्यंत कसं सांभाळायचं नि मेल्यावर कसं पुरायचं, हे नोटरी आपल्या हातानं कागदावर लिहितो. एक जरी कलम मोडलं तरी दान रद्द, शेत दुसऱ्या भावंडाचं. आमच्या घरात दुसरं भावंड म्हणजे माझी नणंद देलिमा, ती सीमेपलीकडच्या देशात, लॉवेल शहरातल्या कापडगिरणीत होती.

नोटरी पूलियो बर्फगाडीतून आले, चुलीपाशी बोटं शेकली, आमच्या जेवणाच्या टेबलावर दौत मांडली आणि लिहायला बसले. लिहून झालेलं एकेक कलम मोठ्यानं वाचायचे. दर शरद ऋतूत एक पोसलेलं डुक्कर. चांगला चहा. सासऱ्यांना तंबाखू. चुलीच्या मापाची फोडलेली लाकडं, दाराशी आणून रचलेली. रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेला, मिस्साला, जायला जुंपलेला घोडा. आजारपणात डॉक्टर, आणि डॉक्टरनं हात टेकले की फादर. कपडे धुणं, मोजे रफू करणं, आणि एक गाय, जी मरणार नाही.

मी भांडी घासत होते. राहवलं नाही. "नोटरीसाहेब, मरणार नाही अशी गाय कुठं मिळते? माझ्या बाबांना पण हवीय एक."

"मेली तर दुसरी द्यायची, असा अर्थ आहे बाई त्याचा," नोटरी म्हणाले. "कायद्याची भाषा आहे."

"मोजे पण तसेच का? न फाटणारे?"

विलब्रॉदनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्याला काय! सही तो करणार होता, आणि त्या यादीतलं निम्म्याहून जास्त काम माझ्या हातांनी व्हायचं होतं. माझी सही कुणी मागितली नाही.

शेवटी पुरण्याचं कलम आलं. सासऱ्यांचं सोपं होतं: घराण्याच्या जागेत कबर, गाण्यासह मिस्सा, घंटा वाजवायची. नोटरींनी पुढं लिहायला सुरुवात केली, "आणि त्यांच्या पत्नीसही त्याचप्रमाणे..."

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. तोवर त्या खुर्चीत बसून लोकर गुंडाळत होत्या. "ते यांचं झालं. माझं वेगळं लिहा. मला कुंपणाबाहेर पुरायचं. स्प्रूसच्या झाडांखाली, पोरांजवळ."

आमच्या दफनभूमीच्या उत्तरेला कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे खाजऱ्या रानगवताची एक पट्टी. बाप्तिस्मा व्हायच्या आधी गेलेली बाळं आणि स्वतः जीव दिलेली माणसं तिथं पुरतात. फळी नाही, नाव नाही, प्रार्थना नाही. बाप बाळाचं खोकं काखेत घेऊन जातो, पुरतो आणि परत येऊन गुरांना चारा घालतो. सासूबाईंची तीन बाळं मेलेलीच जन्माला आली होती. तिन्ही तिथं होती.

नोटरींनी लेखणी खाली ठेवली. "बाई, तिथं चांगल्या माणसांना नाही पुरत."

"माझी पोरं वाईट होती? श्वाससुद्धा घेतला नाही त्यांनी. पाप कधी करणार होती, पोटात?"

"झेफिरीन," सासरे कुजबुजले, "लोक काय म्हणतील गं?"

"तुम्ही खुशाल आत झोपा. लोकांना काय म्हणायचं ते तुमच्या कानात म्हणतील."

"पण माझ्याशेजारी नाही येणार तू?"

"तुमच्याशेजारी मी इतकी वर्षं झोपले की. त्यांच्याशेजारी एक रात्र तरी झोपले का?"

नोटरींनी पुन्हा समजूत घालायला तोंड उघडलं, तशा सासूबाई म्हणाल्या, "हे लिहिल्याशिवाय मी फुली मारणार नाही. आणि माझी फुली नसेल तर तुमचा कागद चूल पेटवायला बरा." त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण फुलीची किंमत त्यांना नोटरीपेक्षा जास्त कळत होती.

नोटरींनी लिहिलं. मग सासूबाईंनी "ते कुठं लिहिलंत, दाखवा" म्हणून त्या ओळीवर बोट ठेवून घेतलं. पुढं कधीही कागद उघडला की अक्षर न ओळखता त्यांचं बोट बरोबर त्याच ओळीवर जायचं.

त्या कागदानं माझं जे केलं ते काय सांगू! सासूबाईंना तो तोंडपाठ होता. चहा जरा पातळ झाला की, "अल्विना, कागदात 'चांगला' लिहिलंय." डुक्कर कापलं की उभ्या राहून चरबीवर बोट दाबून बघणार. एकदा मी वैतागून म्हटलं, "आई, कागदात गप्प बसायचं कलम राहिलंच की!" तर म्हणाल्या, "ते तुझ्या नवऱ्याला आधीच लागू आहे. दोघादोघांनी कशाला पाळायचं?" आणि खुदकन हसल्या. मीही हसले. आमचं भांडण असंच असायचं, भांडं आपटल्याचा आवाज मोठा, पण फुटत काही नसे.

मी पोटुशी असताना मात्र त्या कागदाचं नाव काढत नसत. चार महिने मला जड बादली उचलू दिली नाही. दाई यायच्या आधीच पलंगाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला, मूल जन्मताच जिवंत असेल तर क्षणात बाप्तिस्मा द्यायला. माझं पोर रडलं तेव्हा सगळ्यांत आधी त्याच रडल्या. मला तेव्हा समजलं की ती बाई कुंपणाकडे बघत सगळं आयुष्य जगली होती.

सासरे गेले, आत पुरले गेले, घंटा वाजली. त्यानंतर गावात फादर बेलझिल आले. नोव्हेंबरात मृतात्म्यांचा दिवस आला. त्या दिवशी आम्ही घरटी काहीतरी आणतो, कोबी, डुकराची मुंडी, विणलेले हातमोजे, आणि चर्चच्या पायऱ्यांवर त्याचा लिलाव होतो. जमेल त्यातून गेलेल्यांसाठी मिस्सा. सासूबाईंनी डोक्याएवढा कोबी दिला आणि फादरना सांगितलं, "माझ्या तिघांसाठी मिस्सा म्हणा."

फादरनी कोण तिघं ते विचारलं. कळल्यावर हळू आवाजात म्हणाले, "मादाम, त्यांना मिस्सा लागत नाही. ती जिथं आहेत तिथं दुःख नाही. सुख नाही. देवाचं दर्शनही नाही."

"आणि आई?" सासूबाई म्हणाल्या. "आई पण नाही?"

"तसंच म्हणायला हवं."

"मग माझा कोबी परत द्या."

कोबी विकून झाला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोबी चालतो, मग पोरं का चालत नाहीत? मी पायऱ्यांवरच हे बोलले. विलब्रॉदनं माझी बाही ओढली, आणि घरी जाईपर्यंत तो घोड्याच्या कानांमधून समोर बघत बसला. सासूबाई गाडीत एवढंच म्हणाल्या, "ते म्हणतात तिथं आई नाही. मी गेल्यावर असेल."

जानेवारीत त्या गेल्या. शेवटच्या दुपारी मला जवळ बोलावलं. "अल्विना, कागद कुठंय?"

"कपाटात, आई."

"कपाटात राहू देऊ नकोस."

आमच्याकडे हिवाळ्यात मेलेल्या माणसाला मे महिन्याची वाट बघावी लागते. जमीन दगडासारखी असते, कुदळ टण्‌कन उडते. म्हणून दफनभूमीच्या फाटकाजवळच्या दगडी खोलीत शवपेट्या ठेवतात आणि बर्फ वितळलं की एकाच दिवशी सगळ्यांना पुरतात. त्या वर्षी तिथं पाच पेट्या होत्या. फादरनी अंत्यविधीची मिस्सा चांगली म्हटली, त्यात खोट काढणार नाही. बर्फ वितळू लागलं आणि ते आमच्या घरी आले.

"विलब्रॉद, आईची कबर वडिलांशेजारी खणायला सांगितलंय."

"कागदात तसं नाही," मी म्हटलं.

"कागदाचं मला ठाऊक आहे. धर्म पाळणारी बाई, शेवटचा संस्कार घेतलेली. तिला आत्महत्या केलेल्यांच्या आणि... तिथं पुरलं तर गावापुढं काय उदाहरण राहील? ते होणार नाही."

विलब्रॉद टोपी हातात फिरवत म्हणाला, "हो, फादर."

हो, फादर! मी त्या दिवशी पावाचं पीठ मळत होते. फादर गेल्यावर ती पिठाची ताटली मी अशी आदळली की घरभर पीठ.

"तुझ्या आईचं शेत खातोस ना रे तू?"

"अगं, फादरशी कोण भांडणार? कागद नोटरीचा आहे, दफनभूमी त्यांची आहे."

"बाहेरची जागा दफनभूमी नाही, म्हणून तर पोरं तिथं टाकतात! मग तिथं यांची सत्ता कशी चालते? आत घ्यायचं तर यांची, बाहेर जायचं तरी यांचीच?"

मी कागद घेऊन नोटरी पूलियोंकडे गेले. म्हातारे झाले होते, चष्मा कपाळावर. कलम वाचून खोकले. "हे बघ अल्विना, तुझ्या सासूबाईंचं मन राखायला मी ते लिहिलं होतं. धर्माविरुद्धचं कलम कुठंच टिकत नाही."

"मन राखायला?"

"म्हातारं माणूस होतं..."

"मग डुकराचं कलमसुद्धा मन राखायलाच होतं का? आणि लाकडांचं? सांगायचं होतंत मला तेव्हाच. इतकी वर्षं मी चहा दाट करत बसले ते कशासाठी? तुमचीच दौत, तुमचंच अक्षर, एकाच कागदावर. सुनेनं पाळायची ती कलमं खरी आणि सासूनं मागितलेलं तेवढं खोटं?"

नोटरींनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तो पुसायचा राहिलाय असं दाखवत पुन्हा काढला.

घरी येऊन मी विलब्रॉदला सांगितलं. "आई आत गेल्या, तर मी शिक्षिकाबाईंकडून देलिमाला पत्र लिहवून घेणार. कलम मोडलं, ये आणि शेत घे."

तो हसला. मग माझा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. "वेड लागलंय का तुला? आपण कुठं जायचं? पोरांना कुठं न्यायचं?"

"लॉवेलला. गिरणीत."

"स्वतःचं घर स्वतः घालवशील?"

"घर कसलं स्वतःचं? आईंनी ते एका अटीवर दिलं. अट मोडायची आणि घरात राहायचं, याला चोरी म्हणतात. फादरना विचार, त्यांना ठाऊक असेल."

मी पोकळ धमकी देत नव्हते. मला त्या घराची भिंतन् भिंत आवडायची. पण त्या चुलीपाशी बसून मला घास गिळवला नसता.

पुरण्याच्या दिवशी सगळं गाव जमलं. गाळात चाकं रुतत होती. ज्याची त्यानं आपल्या माणसाची पेटी दगडी खोलीतून गाडीवर घालून कबरीपर्यंत न्यायची, अशी आमची रीत. सासऱ्यांशेजारी खड्डा तयार होता. मी गाडीमागं गेलेच नाही. घरून फावडं आणलं होतं. फाटकाबाहेरून वळसा घालून झाडांखाली गेले आणि सगळ्यांच्या देखत खणायला लागले.

स्प्रूसच्या सावलीत वीतभर मातीखाली अजून बर्फ होतं. फावडं घसरायचं. कुंपणापलीकडून सगळे बघत होते. बायका जास्त बघत होत्या; त्यांच्यातल्या कितीतरींचं एखादं खोकं माझ्या पायांजवळच कुठंतरी होतं. एकही पुढं आली नाही. मला इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यानं आणखी संताप आला.

"मादाम द्यूमे!" फादर ओरडले. "हा काय तमाशा चाललाय? विलब्रॉद, बायकोला आवर."

गाडी थांबली होती. विलब्रॉद लगाम धरून उभा. त्यानं तयार खड्ड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग घोड्याच्या तोंडाला धरून त्यानं त्याला जागच्या जागी वळवलं, गाळात, पेटी डुगडुगत, आणि फाटकातून बाहेर काढलं. येताना कबर खणणाऱ्याच्या हातातली कुदळ उचलून आणली.

"सरक," मला म्हणाला. "फावड्यानं होणार नाही ते."

फादरनी कुंपणापलीकडे पाऊल टाकलं नाही. आशीर्वाद नाही, पवित्र पाणी नाही. विलब्रॉदनं जपमाळ काढून प्रार्थना म्हटली, मध्येच चुकला, पुन्हा पहिल्यापासून म्हटली. पेटी खाली गेली. कलम पुरं झालं.

पण फादर बेलझिल एवढ्यावर गप्प बसणारे नव्हते. जन्म, लग्न, दफन, सगळ्यांची नोंद आमच्याकडे चर्चच्या वहीत होते आणि सरकारही तीच वही मानतं. त्यांनी बाकी चौघांचं दफन लिहिलं. सासूबाईंचं लिहिलं नाही. "तिथं जे झालं त्याला दफन म्हणत नाहीत," असं त्यांनी विलब्रॉदला ऐकवलं. म्हणजे बाई जमिनीखाली, आणि वहीत ढळढळीत जिवंत!

मला आधी रडू आलं. मग कागद आठवला. बाई जिवंत असेल तर कागदही जिवंत.

पुढच्या रविवारी मिस्सा सुटायच्या वेळी आमची गाडी फादरच्या दाराशी उभी होती. विलब्रॉद लाकडं उतरवून दाराशी रचत होता, चुलीच्या मापाची. मी चहाचा डबा आणि खारवलेल्या डुकराचं पिंप पायरीवर ठेवलं. गाय त्यांच्या कुंपणाला बांधली.

"हे काय आहे?" फादरनी विचारलं. मागं सगळं गाव.

"सासूबाईंचा हप्ता, फादर. त्या तुमच्या वहीत जिवंत आहेत, तेव्हा त्यांचं सगळं द्यायला आम्ही बांधलेले आहोत. पण कुठं राहतात ते आम्हाला सापडेना. तुम्हालाच ठाऊक असणार. आणि ही गाय जपा हं, ती मरत नाही. सासूबाईही मरत नाहीत. जोडी छान जमेल."

कुणीतरी फिसकन हसलं. मग हशाचा कल्लोळ उठला. नोटरी पूलियो गर्दीत होते, तेसुद्धा रुमालात तोंड खुपसून. गायीनं फादरच्या सफरचंदाच्या रोपाचा शेंडा खाल्ला.

"आत या," फादर म्हणाले. चेहरा लालभडक.

त्यांनी वही उघडली, लेखणी बुडवली आणि माझ्याकडे न बघता लिहू लागले. झेफिरीन, ओनेझिम द्यूमे यांची विधवा, दफन झाली. तिथं पूर्णविराम द्यायला निघाले.

"कुठं झाली तेही लिहा," मी म्हटलं. "बाकीच्यांचं लिहिता ना, अमक्याशेजारी, तमक्याशेजारी?"

"कुणाशेजारी लिहू?" फादर कडाडले. "तिथं कुणीच नाही!"

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात विलब्रॉद, जो आयुष्यभर "हो, फादर" म्हणत आला होता, दारातून एक पाऊल पुढं आला. टोपी त्यानं डोक्यावरच ठेवली होती.

"तिथं माझी भावंडं आहेत," तो म्हणाला. "दोन भाऊ आणि एक बहीण. बाबांनी नेलं तेव्हा एक खोकं मी धरलं होतं. त्याला वजन होतं, फादर."

मग लेखणी पुन्हा चालली. मला वाचता येत नाही, म्हणून मी म्हटलं, काय लिहिलंत ते वाचून दाखवा.

"आपल्या तीन मुलांशेजारी," फादरनी वाचलं, वहीत बघत, अगदी हलक्या आवाजात.

बाहेर पायऱ्यांवर बायका थांबल्या होत्या, दार उघडं होतं.

"मोठ्यानं," मी म्हटलं. "त्यांना ऐकू गेलं नाही."